हप्ते थकलेत, फ्लॅट विकायचाय आणि एजंट हलत नाही: काय करता येईल?

बकुळ
पुणे, सिंहगड रोड. २ बीएचके, ६१० चौरस फूट कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट, एक झाकलेलं पार्किंग. सोसायटी नोंदणीकृत. खरेदी २०१३ च्या ऑगस्टमधली, मुद्रांक धरून ३८ लाख. मध्ये टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घेतल्यामुळे कर्ज अजून ४१ लाख बाकी आहे. व्याज ९ टक्के, हप्ता ४४,७००. दोन हप्ते थकलेत, तिसरा पुढच्या ५ तारखेला.

एजंटाकडे देऊन चार महिने झाले. तेव्हा तो ७८ म्हणाला, आता म्हणतो ६५ ची 'कॅश पार्टी' आहे, लगेच उचलेल. आजवर सहा जण बघून गेले. सहीचा कागद एकच: सहा महिने फक्त त्याच्यामार्फत विक्री, दलाली २ टक्के. घर रिकामं आहे, किल्ली त्याच्याकडे.

तीन प्रश्न. एजंट मध्येच बदलता येतो का? ६५ ला द्यावं का? आणि बँकेची नोटीस यायच्या आत नेमका किती वेळ हातात आहे?

पानशेत
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी काढा. बाकीची दोन त्यावर ठरतील.

अर्धविराम
पानशेत यांना अनुमोदन. बँकेचं घड्याळ असं चालतं.

सगळ्यात जुना न भरलेला हप्ता ज्या तारखेचा, तिथून दिवस मोजायचे. ३० दिवसांपर्यंत खातं एसएमए-० (एसएमए म्हणजे थकू लागलेल्या खात्याची पायरी), ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२. ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत) कर्ज. त्यानंतर बँक सरफेसी कायद्याच्या (२००२; यात बँक कोर्टात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू शकते) कलम १३(२) ची नोटीस काढू शकते. त्या नोटिशीत पूर्ण कर्ज ६० दिवसांत भरा असं लिहिलेलं असतं, फक्त थकलेले हप्ते भरा असं नसतं. नोटिशीला लेखी हरकत घेतलीत तर बँकेनं १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. ६० दिवस संपले की १३(४) खाली ताबा: आधी दारावर नोटीस चिकटवून आणि वर्तमानपत्रात छापून सांकेतिक, मग कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं प्रत्यक्ष. लिलावाआधी ३० दिवसांची विक्री-नोटीस लागते.

बकुळताई, दोन हप्ते थकलेत म्हणजे जुना हप्ता साधारण ५० दिवसांचा झालाय. एनपीएला ४० दिवस उरले. नोटिशीचे ६० धरले तर शंभर.

पण या शंभर दिवसांना फसू नका. १३(२) ची नोटीस हातात पडली की कलम १३(१३) लागू होतं: बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती मालमत्ता विकता येत नाही, भाड्यानंही देता येत नाही. शिवाय एनपीए खात्याचा फ्लॅट म्हटलं की खरेदीदाराच्या बँकेचा वकील दहा शंका काढतो. म्हणून खरी मुदत ४० दिवसांचीच धरा.

नाचणी
अर्धविराम, एक पुस्ती. ४० दिवस वाढवता येतात. आलेली रक्कम बँक सर्वात जुन्या थकबाकीला लावते. म्हणजे दर महिन्याला एक पूर्ण हप्ता भरला तर थकबाकी दोन हप्त्यांवरच थांबते आणि दिवसांचा आकडा ९० पार करत नाही. महिन्याला ४४,७०० उभे करणं सोपं नाही हे मान्य, पण उधार-उसनवार करायचीच असेल तर ती इथे करावी. एकदा एनपीए झालं की हे चालत नाही. मग सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं पूर्वपदावर येत नाही, एक हप्ता भरून काही होत नाही. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये हे स्पष्टच केलंय.

अर्धे पैसे भरून उपयोग नाही. २०,००० भरले तर जुना हप्ता अपुराच राहतो आणि दिवस मोजणं चालूच राहतं.

तळजाई
कर्ज सहकारी बँकेचं असेल तरीही हेच ना? नागरी बँकांना सरफेसी लागत नाही असं बरेच जण सांगतात.

अर्धविराम
लागतो. ५ मे २०२० चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आहे. पतसंस्थेचं वेगळं. तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो.

गवती_चहा
एजंटाच्या बाजूनं थोडं. तो हलत नाही याचं कारण बहुतेक वेळा फाइल असते. बोजा (न फिटलेलं कर्ज) असलेला फ्लॅट विकायला दोन बँका, दोन वकील, तीन-चार फेऱ्या. दलाली हातात यायला तीन महिने. त्याच बिल्डिंगमध्ये कर्जमुक्त फ्लॅट असेल तर एजंट पार्टीला आधी तो दाखवणार. त्याची खुशामत करून किंवा त्याला दरडावून हे बदलत नाही. फाइल तयार ठेवली की बदलतं.

आज ना उद्या हे जमवा:

कर्जाच्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र, ज्याला फोरक्लोजर लेटर म्हणतात. रोजचं व्याज किती आणि पत्र कुठल्या तारखेपर्यंत चालेल हे त्यावर हवं. दुसरं, बँकेकडे कुठले मूळ कागद आहेत त्याची यादी, म्हणजे एलओडी. हे दोन कागद नसतील तर खरेदीदाराची बँक फाइल पुढे सरकवतच नाही आणि मिळायला आठ-दहा दिवस सहज जातात. बाकीचं घरातच सापडेल: बिल्डरबरोबरच्या नोंदणीकृत कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा), भोगवटा पत्र, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (तेही बँकेत असू शकतं), चालू वर्षाची मिळकतकराची पावती, महावितरणचं बिल, मेंटेनन्स भरल्याचा सोसायटीचा दाखला. पार्किंग असेल तर ते कुणाच्या नावे, कितव्या नंबरचं, याचं सोसायटीचं पत्र. याच पत्रावरून ऐन वेळी अडतं.

मेंटेनन्स थकला असेल तर तो आधी भरा. सेक्रेटरी दाखल्यावर बाकी लिहून देतात आणि पार्टी बिथरते.

ओसरी
गवती_चहा, फाइलचं पटलं. पण सहा महिन्यांचा एकहाती करार लिहून घेतलेला एजंट चार महिन्यांत सहाच माणसं आणतो आणि मग ६५ ची पार्टी पुढे करतो, हे फाइलमुळे झालं असं मला वाटत नाही. हा 'नेट रेट' चा प्रकार दिसतो. मालकाला विचारायचं, तुम्हाला हातात किती हवेत? आकडा मिळाला की त्यावरचं सगळं आपलं. कधी 'पार्टी' एजंटाच्याच ओळखीचा गुंतवणूकदार असतो. साठेखत (विक्रीचा करार) त्याच्या नावे करायचं आणि दोन महिन्यांत ७२ ला पुढे सरकवायचं.

१८७२ च्या करार कायद्यात याला उत्तर आहे. कलम २१५ आणि २१६. मालकाला न सांगता एजंट स्वतःच्याच खात्यावर व्यवहार करत असेल, तर त्याला त्यात झालेला फायदा मालक मागू शकतो. त्याला लेखी विचारा: खरेदीदाराचं नाव काय, तुमचं त्याच्याशी नातं किंवा भागीदारी आहे का? सरळ माणूस दोन ओळींत उत्तर देईल.

रुपया_आणा
६५ चा प्रश्न आकड्यांवर घेऊ.

थांबण्याची किंमत: ४१ लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३०,७५०. मेंटेनन्स साडेतीन हजार धरला तर ३४,२५०. तीन महिने थांबलात तर १ लाख २ हजार ७५०. म्हणजे आज ६५ आणि तीन महिन्यांनी ७० यात तुलना केली, तर ५ लाखांतून फार तर सव्वा लाख जातील. वेळेच्या भीतीनं ६५ ला देण्याचं कारण दिसत नाही. मात्र ७८ ला अडून वर्षभर बसलात तर व्याज-मेंटेनन्सच चार लाखांच्या वर जाईल, हेही तितकंच खरं.

दलाली: ७० लाखांवर २ टक्के म्हणजे १,४०,०००. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्के, २५,२००. एकूण १,६५,२००. पुण्यात पुनर्विक्रीत १ टक्क्यावरही काम होतं, पण करारात २ लिहून दिलेत तर आता ते बदलून मागावं लागेल.

७० ला विकलं तर हातात साधारण: ७० वजा ४१ वजा टीडीएस (खरेदीदारानं कापून सरकारकडे भरायचा १ टक्का कर) ०.७० वजा दलाली १.६५ म्हणजे २६.६५ लाख. यातून थकलेल्या हप्त्यांचं व्याज आणि दंड जाईल, मग प्राप्तिकर. टीडीएस परत हिशेबात येतो.

केतकी_म
रुपया_आणा, प्राप्तिकराबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण कर्जात अडकलेल्या माणसाचा इथेच घात होतो. 'सगळे पैसे बँकेनेच घेतले, मला नफा कुठे झाला' असं म्हणून चालत नाही. कर्जफेड ही भांडवली नफ्यातून वजा होत नाही. ४१ लाख बँकेत गेले तरी नफा विक्री किमतीवरच मोजतात.

बकुळताईंचे आकडे: विक्री ७०, दलाली समजा ०.८५ वजा, खरेदी ३८. नफा ३१.१५ लाख. साडेबारा टक्क्यांनी कर ३,८९,३७५. पण २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी भारतीयांसाठी जुनी पद्धतही खुली आहे. महागाई निर्देशांक २०१३-१४ चा २२०, २०२५-२६ चा ३७६. ३८ लाखांचे होतात ६४.९५ लाख. नफा उरतो ४.२० लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ८४,०००. दोन्हींतला कमी तो भरायचा, वर उपकर. दलालीची पावती जीएसटी बिलासह ठेवा, ती वजा मिळते. २ टक्के दिलीत तर नफा अजून कमी होईल.

सहमालक परदेशात असेल तर मात्र हे सगळं बदलतं. अनिवासीला जुनी पद्धत नाही आणि खरेदीदारानं त्याच्या वाट्यावर १ टक्का नव्हे तर बराच जास्त कर कापायचा असतो. कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून आधी काढावा लागतो, त्याला आठवडे लागतात. तिथून मुखत्यारपत्र पाठवायचं झालं तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा.

बकुळ
सगळ्यांचे आभार. सहमालक इथेच आहेत, दोघांच्या सह्या मिळतील. फोरक्लोजर लेटर काढलेलं नाही, एजंटानं कधी सांगितलंच नाही. किंमत ७८, ७२ की ६५ हे ठरवायचं कसं? एजंट सांगेल तो भाव, एवढंच आजवर हाती आहे.

सागवान
भाव स्वतः काढता येतो, फुकट. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथे विनामूल्य सेवेत जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडायचं. गाव म्हणजे सिंहगड रोड नव्हे: करारावर वडगाव बुद्रुक, हिंगणे खुर्द, धायरी यापैकी जे लिहिलंय ते. मिळकत क्रमांकाच्या जागी सर्व्हे नंबर टाकायचा, फ्लॅट नंबर नाही. गेल्या बारा-पंधरा महिन्यांचे इंडेक्स टू उघडले की आपल्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या व्यवहारांचा मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि तारीख दिसते. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. ६१० चौरस फूट म्हणजे ५६.६७ चौरस मीटर. कार्पेट आहे की बिल्ट-अप हे नीट बघा, जुन्या करारांत बिल्ट-अप लिहिलेलं असतं आणि तिथेच तुलना फसते.

चार-पाच व्यवहार मिळाले की प्रति चौरस फूट भाव निघतो. घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर दिसतात ते मागितलेले भाव. दुय्यम निबंधकासमोर सही झालेला भाव इंडेक्स टू वर असतो.

पानशेत
पोर्टलवरून आठवलं. स्वतःच खरेदीदार असल्यासारखा तुमचा फ्लॅट शोधून बघा. तोच फोटो तीन एजंटांच्या नावे ७४, ७६, ७८ ला सापडला तर समजा की तुमच्या एजंटानं तो इतरांना वाटलाय. बघणारा सर्वात कमी आकडा धरतो आणि घर पडून आहे असं समजतो. जाहिराती एकाच आकड्यावर आणायला लावा.

रुपया_आणा
सागवान, उत्तम. त्याला जोडून: रेडी रेकनरचा (सरकारनं ठरवलेल्या बाजारमूल्याचा) आकडाही काढा. विक्री किंमत रेकनरपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेली तर प्राप्तिकर रेकनरच्याच किमतीवर मोजतात, आणि फरकावर खरेदीदारालाही कर बसतो. ६५ वर हे लागतंय का ते तपासा. लागत असेल तर 'कॅश पार्टी' चा सौदा दिसतो तितका सुद्धा चांगला नाही.

आणि 'कॅश पार्टी' या शब्दाचे बाजारात दोन अर्थ आहेत. एक, कर्ज न काढता चेकनं पैसे देणारा. असा खरेदीदार दबावातल्या विक्रीला सोन्यासारखा, त्याला लाख-दोन लाख कमी घेऊन द्यायला हरकत नाही. दुसरा, खरोखर नोटा देणारा. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला. आणि तुमचे ४१ लाख बँकेतच जायचेत, त्या नोटा तिथे भरणार कशा?

गजरा
एक विचारू का? विकण्याऐवजी भाड्यानं देऊन हप्ता निघणार नाही का?

नाचणी
गजरा, या भागात २ बीएचकेचं भाडं हप्त्याच्या निम्म्याच्या आसपास जाईल. २२,००० आले तरी महिन्याला २२,७०० खिशातून. उत्पन्न परत सुरू होणार असेल तर पूल म्हणून ठीक, नाही तर तूट वाढत जाते. शिवाय भाडेकरू बसला की विक्री अजून अवघड, बघायला येणाऱ्याला त्याच्या वेळा सांभाळाव्या लागतात. बँकेकडे मुदत वाढवून हप्ता कमी करून मागणं हा दुसरा मार्ग आहे, पण तो खातं एनपीए व्हायच्या आधी, लेखी अर्जानं.

गवती_चहा
आता खरेदीदार गाळायचा कसा ते. एजंट म्हणेल 'पार्टी सीरियस आहे, बैठक लावू.' बैठकीला बसायच्या आधी एकच विचारा: पार्टीकडे स्वतःचे किती आहेत?

७० लाखांच्या घराला बँक फार तर ८० टक्के देते, म्हणजे ५६ लाख. (३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ही मर्यादा आहे.) उरलेले १४ लाख खरेदीदाराचे. वर पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक ७ टक्के, ४,९०,०००, आणि नोंदणी शुल्क ३०,०००. त्यावर कर्ज मिळत नाही. म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचे १९ लाख २० हजार तयार आहेत तोच हा फ्लॅट घेऊ शकतो. एकट्या महिलेच्या नावे घेतला तर मुद्रांक ६ टक्के, ७०,००० वाचतात. घासाघीस अडली की हे सुचवा, तुमच्या खिशाला तोशीस नाही.

आणखी एक: बँकेचा मूल्यांकन करणारा ६७ लिहून गेला तर कर्ज ६७ च्या ८० टक्के. तफावत कोण भरणार हे आधी विचारलेलं बरं. आधीच मंजुरी पत्र घेऊन फिरणारा खरेदीदार असेल तर त्याला पहिला मान.

ओसरी
गवती_चहांचं हे लिहून घ्या. सहा जण बघून गेले, त्यातल्या किती जणांकडे १९ लाख होते हे एजंटाला विचारायला हवं.

गजरा
थोडं अवांतर: घर रिकामं असेल तर ड्राय बाल्कनीत कबुतरं बसलेली असतात. बघणारा दार उघडतो आणि वास येतो. जाळी लावून घ्या, सिंकखालची ओल पुसून झिरपणारा पाइप बदला, सगळ्या खोल्यांत चालू दिवे ठेवा. रंगरंगोटीवर लाखभर घालू नका, घेणारा त्याचा रंग लावणारच.

तळजाई
गजरा, अवांतर नाही, अगदी कामाचं. वीज तोडलेली असेल तर संध्याकाळी कुणी बघायलाच येत नाही, आणि नोकरदार माणूस संध्याकाळीच येतो.

टोकनबद्दल कुणी लिहिलं नाही. टोकन म्हणा, इसार म्हणा, विसार म्हणा, एजंटाच्या खात्यात जाऊ देऊ नका. मालकाच्या खात्यात, चेक किंवा एनईएफटी. विसार पावतीवर हे हवंच: एकूण किंमत, बँकेचा बोजा ४१ लाख असल्याचा स्पष्ट उल्लेख, साठेखताची शेवटची तारीख, आणि कुणामुळे व्यवहार मोडला तर टोकनचं काय. बोजा लपवून टोकन घेतलं तर तो वाद तुमच्यावर उलटतो.

माझं मत: टोकन आलं की त्यातून दोन थकलेले हप्ते, ८९,४००, त्याच दिवशी भरून टाका. खातं नियमित होतं आणि भाव करताना कणा ताठ राहतो.

नाचणी
तळजाई, इथे मी सहमत नाही. खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झालं तर टोकन परत द्यायचंय. ते हप्त्यात गेलं असेल तर परत देणार कुठून? पावतीत 'खरेदीदाराचं कर्ज नामंजूर झाल्यास टोकन ६० दिवसांत परत' अशी मुदत लिहून घेतली तरच वापरा.

तळजाई
मान्य. ६० दिवसांची ओळ हवी.

अर्धविराम
पैसे कुठल्या क्रमानं फिरतात ते लिहितो, कारण बोजा असलेल्या फ्लॅटमध्ये गोंधळ इथेच होतो.

विसार पावती. मग खरेदीदाराचा अर्ज त्याच्या बँकेत, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, मंजुरी. साठेखत नोंदवायचं, मुद्रांक आणि नोंदणी खरेदीदाराचे. खरेदीदाराचे स्वतःचे पैसे साठेखतापर्यंत तुमच्या खात्यात, प्रत्येक रकमेतून १ टक्का टीडीएस कापून (५० लाख किंवा जास्तीच्या व्यवहारात). मग त्याची बँक दोन डीडी काढते: एक तुमच्या बँकेच्या नावे, तुमचा कर्ज खाते क्रमांक घालून, दुसरा उरलेला, तुमच्या नावे. पहिला डीडी जमा झाला की तुमची बँक ना हरकत पत्र देते आणि मूळ कागद खरेदीदाराच्या बँकेकडे जातात.

अडतं ते पहिल्या डीडीवर. ४१ लाखांवर रोजचं व्याज १,०११ रुपये. फोरक्लोजर लेटर १० तारखेपर्यंतचं, डीडी हातात आला १६ ला, तर ६,०६६ रुपये कमी पडतात आणि तेवढ्यासाठी खातं बंद होत नाही, ना हरकत निघत नाही, दुसरा डीडी बँकेच्या टेबलावर पडून राहतो. म्हणून पत्र डीडी निघायच्या आठवड्यात नव्यानं घ्या आणि त्या दिवशी खात्यात दहा-बारा हजार सुटे ठेवा. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. पत्रात तसा आकडा दिसला तर लगेच लेखी विचारा. आणि ईएमआयची आपोआप कपात बंद करायला सांगायला विसरू नका.

कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा काढायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेताना एलओडी हातात धरून पानं मोजा. नोंदणी पावती आणि पहिल्या कराराचं शेवटचं पान, ही दोन बऱ्याचदा सुटतात.

केतकी_म
दोन छोट्या गोष्टी. पॅन आधारशी जोडलेला आहे ना? नसेल तर टीडीएस १ टक्क्याऐवजी २० टक्के कापावा लागतो. ७० लाखांवर १४ लाख अडकतील. आणि कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा विमा घेतला असेल तर कर्ज बंद झाल्यावर उरलेल्या मुदतीचे पैसे परत मागता येतात का ते विमा कंपनीला विचारा.

बकुळ
विमा आहे! हे कुणीच सांगितलं नव्हतं. पॅनचं आज तपासते. आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ का? एजंट बदलायचा तर करार सहा महिन्यांचा आहे, दोन उरलेत. तो म्हणतो मध्ये सोडलंत तर दलाली द्यावीच लागेल.

ओसरी
कुठल्या दलालीबद्दल? विक्रीच झालेली नाही. मुदतीचा करार पुरेशा कारणाशिवाय मध्ये मोडला तर नुकसानभरपाईचा प्रश्न येतो, कलम २०५. पण ती झालेल्या नुकसानाची असते, आपोआप २ टक्के नव्हेत. आणि चार महिन्यांत फोरक्लोजर लेटरही न सुचवणं, जाहिराती तीन भावांत सापडल्या तर त्याही, हे 'पुरेसं कारण' या सदरात बसवता येईल. त्यासाठी आजपासून सगळं लेखी हवं. कलम २०६ प्रमाणे वाजवी नोटीसही द्यायची.

लगेच तोडू नका. आधी असं पत्र ईमेलनं आणि व्हॉट्सअॅपवर पाठवा:

'आजपर्यंत घर दाखवलेल्या व्यक्तींची नावं, तारखा आणि त्यांनी सांगितलेला भाव कळवावा. ६५ लाखांच्या प्रस्तावातील खरेदीदाराचं नाव व आपला त्यांच्याशी असलेला संबंध लेखी कळवावा. सर्व जाहिराती ७२ लाखांवर आणाव्यात. हे सात दिवसांत न झाल्यास १५ दिवसांच्या नोटिशीनं आपली नेमणूक संपेल. आपण दाखवलेल्या व नाव कळवलेल्या व्यक्तीला तीन महिन्यांत विक्री झाली तरच दलाली देय राहील.'

शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. ते नसेल तर नव्या एजंटानं आणलेल्या खरेदीदारावर जुना हक्क सांगतो आणि दोन दलाल्या द्यायची वेळ येते.

गवती_चहा
पत्र चांगलं आहे. मी फक्त एक बदल सुचवेन. सात दिवसांत तो हलला, तर त्याला ठेवा आणि उरलेले दोन महिने एकहाती करार मागे घ्यायला लावा. माहीत असलेला एजंट फाइल घेऊन लगेच पळू शकतो, नवा माणूस पंधरा दिवस घर समजून घेण्यात घालवतो. तुमच्याकडे दिवस मोजके आहेत. दलालीचे टप्पेही लिहून घ्या: अर्धी साठेखताच्या नोंदणीला, अर्धी कर्ज बंद होऊन तुमचा डीडी जमा झाल्यावर. मग बँकेच्या फेऱ्या तो स्वतःहून मारतो.

सागवान
आणि महारेराकडे (बांधकाम प्रकल्प आणि एजंटांवरचं राज्याचं नियामक प्राधिकरण) तक्रार?

ओसरी
सागवान, रेराचं कलम ९ नोंदणीकृत प्रकल्पातल्या घरांच्या एजंटांना लागू होतं. २०१३ च्या जुन्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीला त्याचा फार आधार मिळणार नाही. सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पण त्याला वेळ लागतो आणि बकुळताईंना आत्ता वेळच नाही. ते घर विकून झाल्यावर.

एक मात्र कधीही नको: 'तुमच्या फेऱ्या वाचतील' म्हणून एजंटाच्या किंवा पार्टीच्या नावे विक्रीचं कुलमुखत्यारपत्र. कुणीही मागितलं तरी नाही.

बकुळ
पत्र आज रात्री पाठवते. फोरक्लोजर लेटर आणि एलओडीचा अर्ज उद्या शाखेत. ई-सर्चवर वडगाव बुद्रुकचे आमच्याच बिल्डिंगमधले दोन व्यवहार सापडले, क्षेत्रफळ जुळवून बघितलं तर ७० च्या आसपास येतंय. ६५ ला आता नाही म्हणणार. किल्लीचं काय करू? मागितली तर म्हणतो, पार्टी आली की लागेल.

तळजाई
किल्ली मागत बसू नका. नाइट लॅचचं सिलिंडर बदलून घ्या, सुतार पंधरा मिनिटांत करतो, अख्खं कुलूप बदलावं लागत नाही. नव्या सेटमधली एक किल्ली सोसायटीच्या ऑफिसात ठेवा आणि वॉचमनच्या रजिस्टरमध्ये कोण, कुणाबरोबर, किती वाजता आलं ते लिहायला सांगा. घर खरोखर किती जणांना दाखवलं जातंय याचा हिशेब त्याच रजिस्टरमधून मिळेल.